कुणाच्याच वहीत उशीर नाही

(इंदूरमध्ये शिकणाऱ्या आणि नोकरी शोधणाऱ्या सीमाभागातल्या मुलामुलींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडं नीटनेटकं करून.)



आधी एक प्रश्न. इथं इंदूरला येताना किती जणांना मध्ये गाडी बदलावी लागते? हात वर करा. बरं, जवळजवळ सगळेच. आता हात वर ठेवा आणि सांगा, बदलताना पुढची गाडी कधी ना कधी चुकलीय असे किती जण? बघा, फारसे हात खाली गेले नाहीत.

समोर बुऱ्हाणपूरची मुलं आहेत, खंडव्याची आहेत, अकोट, जळगाव जामोदकडची आहेत. मागच्या रांगेत बेळगाव आणि खानापूरचे दोघं-तिघं बसलेत, त्यांचा प्रवास तर विचारूच नका. मला बोलायला सांगितलं होतं 'सीमाभाग आणि संधी' या विषयावर. मोठा विषय आहे. मी त्यातली एकच गोष्ट घेणार आहे, चुकलेली गाडी. तुम्हाला वाटेल हा काय विषय झाला! पण आमच्या घरात एका चुकलेल्या गाडीनं काय केलं ते मी पाहिलंय, म्हणून तिथूनच सुरू करतो.

१९८९ साल. मी बारा वर्षांचा, ताई एकोणीसची. तिला नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत आली होती. वडिलांना सुट्टी नव्हती, म्हणून सोबतीला मी. बारा वर्षांचा मुलगा एकोणीस वर्षांच्या मुलीला सांभाळायला! तेव्हा तसंच असायचं, अजूनही बऱ्याच घरांत आहे. आमच्या स्टेशनवरून पॅसेंजर, मग एका जंक्शनवर उतरायचं आणि लागून दुसरी गाडी. जंक्शनचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट त्या एका स्टेशनची नाही. वेळापत्रकात दोन्ही गाड्यांमध्ये पंचवीस मिनिटं होती. वडिलांनी वहीच्या कागदावर दोन्ही वेळा लिहून दिल्या होत्या, तो कागद ताईच्या पर्समध्ये.

एका लहान स्टेशनावर आमची पॅसेंजर बाजूच्या लाइनीत घेतली. क्रॉसिंग होतं. समोरून एक एक्सप्रेस गेली, मग वाटलं आता सुटेल, तर मागून दुसरी आली आणि तीही पुढं गेली. जंक्शनला पोचलो तेव्हा छत्तीस मिनिटं उशीर झाला होता. म्हणजे पुढची गाडी अकरा मिनिटांपूर्वी गेलेली. ट्रंक घेऊन पुलावरून पळत गेलो, पलीकडचा फलाट रिकामा. एक माणूस शेंगांची टरफलं झाडत होता. तो म्हणाला, "आत्ताच गेली बघा. आता सकाळी."

ती रात्र आम्ही बायकांच्या वेटिंग रूमबाहेर काढली. आत ताईला जाता आलं असतं, मला नाही, आणि ती मला एकट्याला बाहेर ठेवायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. खिडकीवरच्या माणसानं कागद बघितला आणि सांगितलं, मुलाखत काल होती. गाडी चुकली असं ताईनं सांगितलं. त्यावर तो म्हणाला की वेळेवर येणं ही उमेदवाराची जबाबदारी. चुकीचं काही बोलला नाही तो. प्रवेशपत्रावर तसं छापलेलंच होतं.

पण खरी गोष्ट घरी आल्यावर घडली. आत्या म्हणाली, "एवढ्या लांब पाठवायचीच कशाला मुलगी? रात्रभर स्टेशनावर!" पुढच्या वर्षी फॉर्म भरायचा विषय निघालाच नाही, दीड वर्षात लग्न झालं. ताईचं बरं चाललंय, रडगाणं सांगत नाहीये मी. तिला एकदा विचारलं होतं, राग येतो का. ती म्हणाली, "कुणाचा येणार? पॅसेंजरचा?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. कुणाचा राग यायला हवा होता?

खूप वर्षांनी रेल्वेत काम करणाऱ्या एका मित्राकडून मला एक साधी गोष्ट कळली. आपल्याकडे गाडी वेळेवर आली की नाही हे कुठं मोजतात? शेवटच्या स्टेशनावर. आणि तिथं पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीर धरत नाहीत. मधल्या जंक्शनवर ती किती वाजता आली, याचा त्या टक्केवारीशी संबंध नाही. कॅगनेसुद्धा रेल्वेच्या वक्तशीरपणावरच्या अहवालात या मोजणीवर बोट ठेवलंय.

आता वेळापत्रक उघडा, मोबाईलमध्ये आत्ताच बघितलंत तरी चालेल. कुठलीही लांबची गाडी घ्या. शेवटच्या दोन थांब्यांमधलं अंतर पार करायला ती जाताना किती वेळ घेते ते बघा. मग तीच गाडी परत निघते तेव्हा त्याच दोन थांब्यांना किती वेळ लागतो ते बघा. बऱ्याच गाड्यांना जाताना वीस-पंचवीस मिनिटं, कधी त्याहून जास्त लागतात. रूळ तेच, अंतर तेच. ती मिनिटं शेवटी मोकळी ठेवलेली असतात, वाटेत झालेला उशीर गिळायला. म्हणजे आमची ती पॅसेंजर जंक्शनला छत्तीस मिनिटं उशिरा आली, पण तिचं शेवटचं स्टेशन अजून तीन तास पुढं होतं. तिथं ती वेळेवर लागलीसुद्धा असेल. वहीत 'वेळेवर'. ताई मात्र फलाटावर. कुणाच्याच वहीत उशीर नाही आणि मुलाखत तर गेली.

मी रेल्वेच्या माणसांना दोष देत नाही हं. एकेरी लाइनवर पन्नास गाड्या हाकणं म्हणजे काय ते कंट्रोल रूममध्ये बसल्याशिवाय कळत नाही. पॅसेंजरला बाजूला घेऊन एक्सप्रेस सोडली, तर एक्सप्रेसमधल्या बाराशे माणसांचा वेळ वाचतो, हा हिशोबही खरा आहे. पण बाजूला घ्यायची गाडी दर वेळी तीच, आणि त्या गाडीत बसलेली माणसंही दर वेळी आपलीच.

आता यात सीमा कुठं आली? सांगतो.

राज्यांची सीमा आपल्याला पाठ आहे. रेल्वेचीही सीमा असते, ती शाळेच्या नकाशात दिसत नाही. आपल्या शेजारचं खंडवा घ्या. मुंबई-भुसावळकडून येणारी मोठी लाइन मध्य रेल्वेची, भुसावळ विभागाची. इंदूर-महूकडून येणारी लाइन पश्चिम रेल्वेची, रतलाम विभागाची. आणि अकोल्याकडून येणारी दक्षिण मध्य रेल्वेची, नांदेड विभागाची. एका स्टेशनावर तीन रेल्वे. कनेक्शनसाठी गाडी दहा मिनिटं रोखायची की सोडायची, हे स्टेशन मास्तर आपल्या मनानं ठरवत नाही, त्या-त्या विभागाचं कंट्रोल ठरवतं. उशिरा येणारी गाडी एका कंट्रोलची, थांबायला हवी ती दुसऱ्याची. थांबणाऱ्याच्या वहीत उशीर लागणार, तोही दुसऱ्याच्या गाडीमुळे. कोण थांबवेल?

बेळगावकरांनो, तुमची मिरज आठवा. मिरजेपर्यंत मध्य रेल्वे, बेळगावकडची लाइन दक्षिण पश्चिम रेल्वेची, हुबळी विभागाची. गोष्ट तीच.

आणि हे आजचं नाही. इंदूरला रेल्वे आली ती होळकरांच्या पैशानं. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले, साडेचार टक्के व्याजानं, एकशे एक वर्षांसाठी. मुंबईहून जाणाऱ्या जीआयपीच्या लाइनीला खंडव्याला जोडायचं ठरलं. पण जीआयपीची लाइन ब्रॉडगेज, आणि स्वस्तात व्हावी म्हणून होळकर रेल्वे टाकली मीटरगेज. एक रूळ १,६७६ मिलिमीटर रुंद, दुसरा १,००० मिलिमीटर. त्या ६७६ मिलिमीटरमुळे पहिल्या दिवसापासून खंडव्याला माणूस उतरला, पोतं उतरलं, कापसाची गाठ उतरली. एक कोटी रुपये देऊनही इंदूरच्या राजाच्या प्रजेला मुंबईला जाताना गाडी बदलणं सुटलं नाही.

मिरजेची तर कमाल होती. एके काळी तिथं तिन्ही रुंदीचे रूळ होते. पुण्याकडून ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडून मीटरगेज, आणि पंढरपूरकडून बार्शी लाइटची छोटी गाडी. तुमच्या आजीला विचारा. बेळगावहून पुण्याला निघालं की मिरजेला वळकट्या, ट्रंका, पोरं, सगळं मोजत मोजत एका फलाटावरून दुसऱ्यावर. बेळगाव-लोंढ्याकडचा रूळ बदलायला १९९०चं दशक उजाडलं.

पण मीटरगेजची एक बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. स्वातंत्र्यानंतर खंडवा-अकोला-हिंगोली असा दुवा झाला आणि अजमेरपासून थेट हैदराबादपर्यंत मीटरगेजची एक लांब दोरी तयार झाली. जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस त्यावर धावायची. नांदेडचा माणूस, हिंगोलीचा, वाशीमचा, अकोल्याचा माणूस गाडी न बदलता इंदूरला उतरायचा. हळू होती. पाताळपाणीचा घाट चढताना काळाकुंडला मागून दुसरं इंजिन लावायचे, कारण चाळीस फुटाला एक फूट असा चढ. तोवर लोक खाली उतरून पानाच्या दोन्यात कलाकंद घ्यायचे. उशीर व्हायचा, पण उशीर झाला तरी चुकायला पुढची गाडीच नव्हती! मला विचाराल तर हा फरक फार मोठा आहे. लोकांना वेगाचं आकर्षण असतं. माझ्या मते आपल्यासारख्यांना वेगापेक्षा न तुटणारा प्रवास जास्त हवा असतो.

मग रूळ रुंद करायचं ठरलं. चांगलंच झालं, पण ते तुकड्या-तुकड्यानं झालं. पूर्णा-अकोला २००८ मध्ये ब्रॉडगेज झालं, तिथं एक तुकडा पडला. २०१७च्या जानेवारीत अकोला-खंडवा मीटरगेज बंद झाली. २०२३च्या सुरुवातीला महूकडून ओंकारेश्वर रोडला जाणारी गाडी बंद झाली. अकोला-अकोट नवीन रुळावर सुरू झालं, पण अकोटच्या पुढं मेळघाट. जुनी लाइन व्याघ्र प्रकल्पातून जाते, धुळघाटला तर डोंगराला वेटोळं घालून चढायची. तिथून मोठी लाइन नको, बुलढाणा जिल्ह्यातून वळवा, अशी भूमिका महाराष्ट्र सरकारनं घेतली. मला ती पटते. वाघांना रूळ नकोच. पण वळवायची ठरवून इतकी वर्षं लागतात तेव्हा त्या गावांतल्या लोकांचं काय, हा प्रश्न कुणी विचारायचा? मेळघाटातल्या कोरकू माणसाला अकोल्याच्या दवाखान्यात न्यायला तीच एक गाडी होती.

आज अकोल्याहून इंदूरला यायचं तर खंडव्यापर्यंत भुसावळमार्गे फिरून रेल्वे आणि पुढं बस. बसचा आणि रेल्वेचा तर कसलाच ताळमेळ नाही, तो असावा असं कुणाला वाटतही नाही. त्यात मोरटक्क्याचा नर्मदेचा पूल पुरात बंद झाला, की बसलात.

याच रस्त्यानं दर वर्षी १४ एप्रिलला विदर्भ-मराठवाड्यातून हजारो माणसं महूला येतात, बाबासाहेबांच्या जन्मभूमीला. आधी त्यांना थेट गाडी होती. आता पोरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन खंडव्याला उतरायचं आणि उन्हात बस शोधायची.

बाबासाहेबांचा विषय निघालाच आहे तर एक आठवण सांगतो. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात. १९०१ साल. वडील कोरेगावला नोकरीवर, मुलं साताऱ्याला. सुट्टीत मुलं वडिलांकडे निघाली. नवे कपडे, जरीच्या टोप्या. पहिलाच रेल्वेप्रवास म्हणून खुशीत. मसूर स्टेशनला उतरली. मसूर म्हणजे आपल्या पुणे-मिरज लाइनीवरचंच, बेळगावकरांनो, तुम्ही त्याच्यावरून जाता. वडिलांकडून न्यायला माणूस येणार होता. तो आला नाही, कारण पत्र वडिलांच्या हातात पडलंच नव्हतं. स्टेशन मास्तरनं आधी गोडीनं विचारपूस केली. मुलांनी जात सांगितली आणि तो मागे सरला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं, आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार, या अटीवर निघाले. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

हे मी आपल्या गैरसोयीशी तोलायला सांगत नाहीये, तोलूच नये. एवढ्यासाठी सांगतोय की स्टेशनावर अडकणं ही गोष्ट सगळ्यांना सारखी नसते. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो टॅक्सी करतो, ज्याचा मामा त्या गावात आहे तो मामाकडे जातो. ताईसारखी मुलगी अडकली तर तिचं पुढचं शिक्षण अडकतं. वेळापत्रक कागदावर सगळ्यांना एकच दिसतं. पण पंचवीस मिनिटांच्या जोखमीवर कुणाला घराबाहेर पाठवायचं आणि कुणाला नाही, हे घरात बसून ठरतं.

बरं, आता तुमच्या उपयोगाचं. घड्याळाकडे बघताय काही जण, लवकर आवरतो.

पहिलं म्हणजे आरक्षणाच्या तिकिटांचं. दोन गाड्यांची दोन तिकिटं असतील तर १ एप्रिल २०१९ पासून दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडता येतात. नावं दोन्हीकडे तीच हवीत, आणि पहिली गाडी जिथं उतरवते तिथूनच दुसरी पकडायची असली पाहिजे. पहिली उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे कापून न घेता परत मिळतात. खिडकीचं तिकीट असेल तर पहिली गाडी पोचल्यापासून तीन तासांच्या आत खिडकीवर जायचं, ऑनलाइन असेल तर टीडीआर भरायचा. किती जणांना माहीत होतं? दोन. बघा. साध्या जनरलच्या तिकिटाला यातलं काही मिळत नाही, आणि आपल्यातले बरेच जण जनरलनेच येतात. ही मागणी करायला जागा आहे.

दुसरं. २०२१च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. अजमेर-जम्मू एक्सप्रेस चार तास उशिरा पोचली, पुढचं श्रीनगरचं विमान चुकलं, कुटुंबाला टॅक्सी करावी लागली. रेल्वेचं म्हणणं, उशिराला आम्ही जबाबदार नाही. न्यायालयानं म्हटलं, उशीर का झाला आणि तो तुमच्या हाताबाहेर होता हे तुम्ही दाखवा, नाहीतर भरपाई द्या. टॅक्सीचे पंधरा हजार आणि इतर काही रक्कम द्यायला लावली. म्हणजे 'गाड्या उशिरा येतातच' हे उत्तर कायद्याच्या दारात चालत नाही. तिथं विमान चुकलं होतं, इथं पॅसेंजर चुकते. मला त्यात फरक दिसत नाही. पण पॅसेंजर चुकलेला माणूस ग्राहक न्यायालयात जात नाही, हा फरक आहे.

तिसरं, आणि हेच माझं मुख्य मागणं आहे. वही ठेवा. रेल्वे जंक्शनचा उशीर धरत नाही, तर आपण धरू. तुमच्या जंक्शनची एक जोडी निवडा, येणारी गाडी आणि लागून सुटणारी गाडी. गाडी कुठं किती वाजता आली हे रेल्वेच्याच चौकशीच्या अ‍ॅपवर रोज दिसतं. तीन महिने रोज दोन वेळा लिहा, स्क्रीनशॉट ठेवा. मग दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, दोन्ही विभागांना वेगवेगळा. मग ते घेऊन विभागीय आणि क्षेत्रीय सल्लागार समितीच्या सदस्याकडे, खासदाराकडे जा. "आमच्या भागावर अन्याय होतो" असं म्हटलं की साहेब मान डोलावतात आणि चहा मागवतात. "नव्वद दिवसांपैकी इतके दिवस कनेक्शन तुटलं, दुसरी गाडी पंधरा मिनिटं मागं घेतली असती तर इतके दिवस मिळालं असतं" असं म्हटलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं. पंधरा मिनिटं मागं घ्यायला जमीन संपादन लागत नाही, बोगदा लागत नाही.

मनमाड-इंदूरच्या नव्या लाइनीचं विचारणार आहात, माहितीये मला. २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, तीस नवी स्टेशनं, धुळ्यावरून थेट इंदूर. होऊ दे, लवकर होऊ दे. पण ती होईपर्यंत तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या परीक्षा होऊन गेलेल्या असतील. आणि ती झाल्यावर मनमाडलाही गाडी बदलावीच लागेल कुणाला तरी. तिथंही दोन रेल्वे भेटतील. तिथली वही कोण ठेवणार, तेही आत्ताच ठरवा.

मी स्वतः एक वही सुरू केलीय, गेल्या पावसाळ्यात. ताईची मुलगी इथं इंदूरला शिकते, बी.एस्सी. नर्सिंग. ती सुट्टीला घरी जाते तेव्हा मी तिच्या दोन्ही गाड्यांच्या वेळा लिहितो. ताई फोन करते, "पोचली का?" म्हणून नाही विचारत. विचारते, "दुसरी मिळाली का?"

मागच्या टेबलावर वहीचा नमुना ठेवलाय, तारीख, येणारी गाडी, सुटणारी गाडी, मधली मिनिटं, एवढेच रकाने आहेत. फोटो काढून घ्या. आणि ज्यांना संध्याकाळच्या बसनं खंडव्याला जाऊन रात्रीची गाडी धरायचीय, त्यांनी चहासाठी थांबू नका. निघा.